चट्टा जातो, डाग राहतो

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. शेवटचा पेशंट तपासून झाला, कंपाउंडरने शटर अर्धे ओढले. तेवढ्यात दोघे जण वाकून आत आले. एक साठीचे गृहस्थ, आणि त्यांच्यामागे त्यांचा तरुण मुलगा. दोघांपैकी कोणालाच काही झालेले नव्हते. गृहस्थांनी कंपाउंडरकडे पाहिले. मी त्याला घरी जायला सांगितले. तो गेल्यावर ते म्हणाले, "साहेब, एक सर्टिफिकेट पाहिजे होतं."

"कशाचं?"

"सुनेचं. तिले महारोग हाय असं लिहून द्या. तुम्हीच तर काढला ना रोग. कचेरीबाहेर अर्जनवीस बसते, तो म्हणे डॉक्टरचा कागद आणा, सोडचिठ्ठीचं काम सोपं होते."

मुलगा खाली मान घालून उभा होता. लग्नाला पाच वर्षे झालेली, घरात तीन वर्षांचे लेकरू. मी दोघांनाही बसायला सांगितले.

ही हकीकत मी त्या मुलीला विचारून लिहीत आहे. ओळख पटणार नाही इतका फरक मी त्यात केला आहे. ती कोण, कुठली, याचा शोध वाचकांनी कृपया घेऊ नये. तसे केल्यास हा लेख लिहूनही उपयोग झाला नाही असे होईल.

तव्याचा चटका

या प्रसंगाच्या तीन आठवडे आधी ती मुलगी एकटीच दवाखान्यात आली होती. डाव्या हाताच्या करंगळीला भाजले होते, फोड फुटून जखम चिघळली होती. "कधी भाजलं?" असे मी विचारले, तर तिला सांगताच येईना. पोळ्या करताना तव्याला बोट लागले असावे, पण चटका बसल्याचे कळलेच नाही, म्हणाली.

चटका कळला नाही, हे ऐकले की डॉक्टरने हातातले काम थांबवावे. मी तिचे हात नीट पाहिले. दंडावर आणि पाठीवर मिळून सात चट्टे होते. फिकट, किंचित तांबूस. खाज नाही, आग नाही, म्हणून वर्षभर तिने लक्ष दिले नव्हते. डोळे मिटायला सांगून कापसाच्या पिळाने चट्ट्याला स्पर्श केला. तिला समजले नाही. बाजूच्या चांगल्या कातडीला केला, लगेच "हो" म्हणाली. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीतून एक शीर जाते. कोपर आपटले की हातात झिणझिण्या येतात ती हीच. तिची ही शीर हाताला दोरीसारखी जाड लागत होती आणि दाबल्यावर दुखत होती. करंगळीतली ताकदही थोडी कमी झाली होती.

निदान स्पष्ट होते. तरी खात्रीसाठी तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवले. तिथे तेच निदान झाले आणि एमडीटीची, म्हणजे बहुविध औषधोपचाराची, पाकिटे सुरू झाली. शिरेची सूज उतरावी म्हणून वेगळ्या गोळ्याही दिल्या. चट्टे पाचांपेक्षा जास्त, म्हणून औषध बारा महिने. पाचांपर्यंत चट्टे असते आणि एकाहून अधिक शिरा बाधित नसत्या, तर सहा महिन्यांत काम झाले असते.

घरी कपड्यांच्या घडीखाली ठेवलेले पाकीट नवऱ्याच्या हाती लागले. तिने खरे ते सांगितले, आणि बापलेक माझ्याकडे सर्टिफिकेट मागायला आले.

मी केलेली चूक

त्यांना काय उत्तर दिले ते सांगण्याआधी मला माझीच एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. त्या रात्री ती मला सारखी आठवत होती.

१९९७ सालची गोष्ट. दवाखाना टाकून जेमतेम दोन वर्षे झाली होती. बसस्टँडजवळ चहाचे दुकान चालवणारा एक माणूस पाठीवरचा चट्टा दाखवायला आला. मी पडद्याआड तपासले. चट्टा बधिर होता. आपण निदान बरोबर केले याचा मला, खरे सांगायचे तर, आनंद झाला. मी पडद्यातूनच कंपाउंडरला मोठ्याने म्हणालो, "महारोगाचा चट्टा आहे. सरकारी दवाखान्याची चिठ्ठी तयार कर."

बाहेर बाकावर सात-आठ माणसे बसली होती.

संध्याकाळपर्यंत गोष्ट बसस्टँडवर पोचली. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात नेहमीची गिऱ्हाइके आली नाहीत. कोणी भांडले नाही, कोणी शिवी दिली नाही. लोक फक्त पलीकडच्या दुकानात चहा प्यायला लागले. पंधरा-वीस दिवसांत दुकान बंद झाले आणि तो कुटुंबासह गाव सोडून गेला. मी दिलेली चिठ्ठी त्याने कुठेही दाखवली नाही. नव्या गावी पुन्हा कोणाला कळू नये, एवढीच त्याला धास्ती होती.

सात वर्षांनी तो परत माझ्याकडे आला. दोन्ही हातांची बोटे आत वाकलेली, तळपायाला न भरणारी जखम. या वेळी औषध पूर्ण घेतले, जंतू गेले. पण वाकलेली बोटे आणि गेलेली संवेदना गोळ्यांनी परत येत नाही. शस्त्रक्रियेची वेळही बरीच टळून गेली होती. तो माझ्यावर रागावला नाही. जाताना एवढेच म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी जरा हळू बोलले असते ना साहेब, तर बरं झालं असतं."

१९९७ साली या रोगावर खात्रीचे औषध होते, ते फुकट होते आणि तालुक्याला मिळत होते. एका चट्ट्यावरचा आजार सहज बरा झाला असता. त्याची बोटे जंतूंमुळे वाकली हे खरे, पण जंतूंना सात वर्षे मोकळीक कोणी दिली? माझ्या तोंडातून गेलेल्या एका वाक्याने आणि आपल्या गावाच्या भीतीने. म्हणून मी म्हणतो की या आजारात उपचार दोन गोष्टींवर करावे लागतात. एक जंतूंवर आणि दुसरा आपल्यावर.

भीती आली कुठून?

ही भीती मुळात उगीच आलेली नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी या रोगावर औषधच नव्हते. रोग वाढत जाई, हातापायांना जखमा होत, नाक बसे, डोळे जात. त्याला महारोग म्हणत, रक्तपिती म्हणत. मागच्या जन्मीचे पाप म्हणत. घरातून काढलेली माणसे देवळांच्या पायऱ्यांवर आणि नदीच्या घाटांवर बसत.

१८७३ साली नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधला, आणि हा शाप नसून जंतूंचा आजार आहे हे कळले. पण जंतू सापडला म्हणून लगेच औषध सापडले नाही. उलट इंग्रज सरकारने १८९८ साली कायदा करून निराधार कुष्ठरुग्णांना पकडून वेगळ्या आश्रयस्थानांत ठेवण्याची सोय केली.

त्या अंधाऱ्या काळात आपल्या विदर्भातील माणसांनी जे केले त्याला तोड नाही. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामला गांधीजींनी संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले. वरोऱ्याला बाबा आणि साधनाताई आमटे यांनी आनंदवन उभारले. गांधीजींची पुण्यतिथी, ३० जानेवारी, आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळली जाते, ती याच संबंधाने.

मात्र या संस्थांचा आपण एक चुकीचा अर्थ काढला आहे. "हा रोग झाला की आनंदवनात नेऊन सोडायचे" असे आजही माझ्याकडे येणारे लोक सहज बोलून जातात. जणू ती जागा आपण नको असलेली माणसे ठेवण्यासाठी आहे! ज्यांना आपण घराबाहेर काढले त्यांच्यासाठी त्या थोर माणसांनी घरे बांधली. आपण बाहेर काढतच राहावे म्हणून नव्हे. आनंदवनात कुष्ठमुक्त माणसांनी शेती पिकवली, माग चालवले, आणि १९६०च्या दशकात तिथे महाविद्यालय सुरू होऊन बाहेरची मुले शिकायला येऊ लागली. समाजाने टाकलेल्यांनी समाजाच्या मुलांना जागा दिली. यातून घ्यायचा धडा आपण घेतलाच नाही.

१९४०च्या दशकात डॅप्सोन हे औषध आले, पण ते वर्षानुवर्षे घ्यावे लागे, आणि पुढे जंतू त्याला दाद देईनासे झाले. १९८०च्या दशकात दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली तेव्हा चित्र पालटले. २००५ सालाच्या अखेरीस देशात दर दहा हजारांमागे रुग्णसंख्या एकाच्या खाली आली आणि हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नाही असे जाहीर झाले. लोकांनी याचा अर्थ "रोग गेला" असा घेतला. तो गेलेला नाही. आजही देशात वर्षाला सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या देशात असतात.

आजार काय आहे, काय नाही

चौथ्या दिवशी ती मुलगी, नवरा, सासरा आणि सासूबाई असे सगळे जण माझ्याकडे आले. सासूबाईंनी पदराच्या गाठीत प्रश्न बांधून आणावेत तसे एकेक काढले. वाचकांच्या मनातही हेच असतील, म्हणून ते उत्तरांसह देतो.

"सैपाक चालते का तिच्या हातचा?" चालतो. हा रोग अन्नातून पसरत नाही. शिवल्याने, एका पंगतीला बसल्याने, कपडे एकत्र धुतल्याने तो होत नाही. ज्याच्या अंगात जंतू भरपूर आहेत आणि ज्याने औषध सुरू केलेले नाही, अशा रुग्णाच्या शिंकण्या-खोकण्यातून, तेही दीर्घकाळ निकट सहवास असेल तर, जंतू दुसऱ्याकडे जातात. औषधाच्या पहिल्या मात्रेनंतर थोड्याच दिवसांत हा धोका संपतो. शिवाय शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक लोकांच्या अंगात या जंतूंना तोंड देण्याची शक्ती जन्मतःच असते.

"लेकराले होईन का?" हा रोग आनुवंशिक नाही. आईचे औषध सुरू आहे, तेव्हा भीतीचे कारण नाही. घरातल्या सगळ्यांची एकदा तपासणी करायची. ज्यांना काही नाही त्यांना खबरदारी म्हणून रिफाम्पिसिन या औषधाची एकच मात्रा सरकारी केंद्रात देतात. वय आणि तब्येत पाहून ती द्यायची की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतात. गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असतानाही एमडीटी थांबवायची नसते.

"बोटं झडतीन का?" बोटे झडत नाहीत. हा जंतू कातडीवर आणि शिरांवर हल्ला करतो. शीर मेली की बधिरता येते. बधिर हाताला चटका, काटा, ठेच काही कळत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि असे वारंवार होऊन बोट आखूड होते. म्हणजे बोट रोगाने नव्हे तर न कळलेल्या जखमांनी जाते. वेळेवर औषध आणि रोजची काळजी घेतली तर एकही बोट जात नाही.

"आमच्याच घरी कसा आला?" याचे उत्तर बहुधा देता येत नाही. हा जंतू फार सावकाश वाढतो. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. तेव्हा सून रोग घेऊन आली की तो सासरी लागला, या वादात काही अर्थ नाही. सून म्हटली की पहिला संशय तिच्या माहेरावर, हा आपला सोयीचा हिशेब आहे.

आणखी एक गोष्ट मी त्यांना आधीच सांगून ठेवली. एमडीटीतल्या एका औषधाने कातडी काळसर पडते आणि दुसऱ्याने लघवीला लाल रंग येतो. लघवीचा रंग लगेच जातो. कातडीचा काळेपणा औषध संपल्यावर काही महिन्यांत हळूहळू उतरतो. शेजारच्या बायका "सून काळी कशानं पडली?" म्हणून विचारणारच. काही जणी या एका प्रश्नाच्या भीतीने गोळ्या सोडतात. गोळ्या सोडू नयेत, आणि शेजारणींनी विचारू नये.

कोणी कशाकडे लक्ष द्यावे?

अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा, ज्याला खाज नाही आणि जिथे स्पर्श कळत नाही. चेहऱ्याची किंवा कानाच्या पाळीची कातडी जाड, तेलकट, चकचकीत होणे. भुवया विरळ होणे. हातापायांना बधिरपणा किंवा मुंग्या. हातातून वस्तू सुटणे, पायातली चप्पल नकळत निघून जाणे, डोळा पूर्ण न मिटणे. यांपैकी काही आढळले तर आशाताईंना सांगा, किंवा थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत.

पांढरे कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे, हे मात्र मनावर कोरून ठेवा. कोडाच्या डागाला स्पर्श नीट कळतो, तो जंतूंचा आजार नाही आणि कोणाला लागतही नाही. कोड असलेल्या कित्येक मुलींची लग्ने या गैरसमजापायी अडली आहेत.

औषध चालू असताना, किंवा संपल्यावरही, चट्टे एकदम लाल होऊन सुजले, शीर दुखू लागली, हातापायांतली ताकद कमी झाली किंवा डोळा लाल झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. याला प्रतिक्रिया म्हणतात. औषध बाधले असे समजून लोक गोळ्या बंद करतात, आणि नेमकी त्याच वेळी शीर कायमची जाते. नव्याने आलेली कमजोरी पहिल्या सहा महिन्यांत उपचाराला आली तर बरीचशी भरून निघते. आमच्या या मुलीची करंगळी अशीच वाचली.

ज्यांना आधीच बधिरता आली आहे त्यांनी रोज रात्री हात-पाय उजेडात पाहावेत, पंधरा-वीस मिनिटे साध्या पाण्यात बुडवून ठेवून मग तेल लावावे. गरम भांडे फडक्याने धरावे, अनवाणी चालू नये. मऊ तळाच्या खास चपला सरकारी केंद्रातून मिळतात. वाकलेल्या बोटांवर आणि लुळ्या पावलावर वेळेवर शस्त्रक्रिया केली तर पुष्कळ फरक पडतो. सरकारी योजनेत तीही होते.

कायदा काय म्हणतो?

आता त्या रात्रीच्या सर्टिफिकेटकडे वळू.

मी त्या गृहस्थांना म्हणालो, "भाऊ, पहिली गोष्ट, तिच्या आजाराचा कागद तिच्या संमतीशिवाय मी कोणालाही देणार नाही. नवऱ्यालाही नाही. दुसरी गोष्ट, तो कागद मिळाला तरी तुमचं काम होणार नाही. अर्जनवीस जुना कायदा सांगतो आहे."

पूर्वी हिंदू विवाह कायद्यात "बरा न होणारा" कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. रोग बरा करणारे औषध आल्यावरही कित्येक वर्षे ते शब्द कायद्यात राहिले. २०१९ साली संसदेने दुरुस्ती करून हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती आणि विशेष विवाह कायद्यांतून हे कारण काढून टाकले. १८९८ सालचा जुना कायदाही २०१६ साली रद्द झाला. त्याच वर्षी झालेल्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींना दिव्यांगांमध्ये स्थान मिळाले. त्यामुळे ज्यांच्या हातापायांत व्यंग राहिले आहे त्यांना ठरलेल्या निकषांप्रमाणे प्रमाणपत्र आणि सवलती मिळू शकतात.

कायद्याला इथवर यायला किती उशीर लागला याचे एक उदाहरण देतो. ओडिशात नगरपालिकेवर निवडून आलेल्या एका नगरसेवकाचे पद, तो कुष्ठरुग्ण आहे म्हणून, तिथल्या कायद्याने काढून घेतले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा वैध ठरवला. लोकांनी मते दिली होती, पण रोगाचे नाव मतांपेक्षा मोठे ठरले. पुढे २०१० साली संयुक्त राष्ट्रसंघाने कुष्ठबाधितांशी व त्यांच्या कुटुंबीयांशी भेदभाव करू नये म्हणून तत्त्वे मान्य केली. २०१५ साली आपल्या विधी आयोगाने असे कायदे बदलण्याची शिफारस केली. आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेच सरकारांना सविस्तर आदेश दिले. सरकारी वा खासगी दवाखान्यांनी या रुग्णांशी भेदभाव करू नये, शाळांनी त्यांच्या मुलांना परत पाठवू नये, असे त्यात आहे.

दवाखान्यांचा उल्लेख न्यायालयाला करावा लागला, ही आम्हा डॉक्टरांना शरमेची बाब आहे. कुष्ठरोगाचे औषध घेतलेल्या बाईचे बाळंतपण करायला किंवा अशा माणसाचे हर्नियाचे ऑपरेशन करायला "मोठ्या दवाखान्यात न्या" म्हणून टाळाटाळ झालेली मी स्वतः पाहिली आहे. शिकलेल्या माणसाची भीती अडाण्याच्या भीतीपेक्षा वाईट, कारण ती नियमांच्या आड लपते.

हे सगळे ऐकून सासरे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कायदा तुमच्याजवळ राहू द्या साहेब. गावात तोंड कसं दाखवाचं ते सांगा."

खरा प्रश्न हा होता. मी त्यांना म्हणालो, "गावाला सांगायचंच कशाला? बीपीच्या गोळ्या तुम्ही घेता, ते गावाला सांगता का? पाकीट घरात, महिन्यातून एकदा दवाखाना, बारा महिने. तेराव्या महिन्यात रोग नाही. आज तिला माहेरी पाठवलं तर मात्र उद्या गाव विचारेल, आणि मग काय सांगाल?" मुलाने पहिल्यांदा मान वर केली. "मी तिले नाही पाठवत बाबा," म्हणाला. सर्टिफिकेटचा विषय तिथे संपला. सगळ्या घरांत तो असा संपत नाही, हेही मला ठाऊक आहे.

ताट

गेल्या महिन्यात सासूबाई रक्तदाब तपासायला आल्या. सुनेची चौकशी केली. दहा पाकिटे झाली, दोन राहिली. चट्टे फिके पडले आहेत, करंगळी चांगली चालते. सैपाकही तीच करते. सासूबाई समाधानात होत्या. मग जाता जाता म्हणाल्या, "फक्त ताट तेवढं वेगळं हाय तिचं."

मला राग आला. "एवढं सांगूनही वेगळं ठेवलंत?" मी म्हणालो.

"आम्ही नाही जी ठेवलं," त्या म्हणाल्या. "तिनंच ठेवलं. ताट, गिलास, अंथरूण, समदं. लेकरालेही जवळ नाही घेत निजताना."

यावर मला चटकन काही बोलता आले नाही. घरच्यांची समजूत घालण्यात मी तीन-चार बैठका घालवल्या, पण तिच्याशी तेवढा बोललो नव्हतो. लहानपणापासून महारोग या शब्दाबरोबर जे जे तिने ऐकले होते, ते तिने स्वतःलाच लावून घेतले होते. बाहेर कोणी काढण्याची वाट न पाहता ती घरातल्या घरात बाहेर झाली होती.

पुढच्या खेपेस तिला समोर बसवून मी सगळे पुन्हा सांगितले. लेकराला कुशीत घेऊन झोप, काही होत नाही, असे तीनदा सांगितले. तिने मान हलवली, पण तिला पटले की नाही कोण जाणे. म्हणून सासूबाईंनाही बोलावून म्हणालो, "तिच्याच्यानं होणार नाही. ते ताट तुम्ही उचला आणि सगळ्या ताटांत मिसळून टाका. कोणतं कोणाचं ते ओळखू आलं नाही पाहिजे."

वाचकहो, आपल्या घरात, आळीत, कामाच्या ठिकाणी असे कोणी असेल तर त्याला दया दाखवू नका, त्याच्याबद्दल कुजबुजही करू नका. त्याला लवकर दवाखान्यात जायला सांगा आणि बाकी सगळे पूर्वीसारखे चालू ठेवा. गोळ्या सरकार देते. वेगळे ठेवलेले ताट मात्र आपल्यालाच उचलावे लागते.